पंजाबरावाची लाईन

लायनीत घुसणारा माणूस दिसला की पंजाबरावाच्या तळपायाची आग मस्तकात जायची. मग तो कोण, कुठला, कोणाचा जावई, हे तो पाहत नसे. बँकेत, बाजारात, लग्नाच्या बुफेत, जिथं लाईन तिथं पंजाबरावाचं लक्ष. बायको जयमाला म्हणायची, "तुमाले देवानं डोळे दिले तेच मुळी दुसऱ्याचा नंबर पाह्यले." म्हणो बिचारी. तिलाही ठाऊक होतं की गावाला पाणी सरळ मिळतं ते ह्याच डोळ्यांमुळे.

गाव बीबीपासून आत चार किलोमीटर. होळी झाली की नळ फक्त सुस्कारे सोडतात, अन् मग जून लागेपर्यंत एक दिवसाआड टँकर. पूर्वी टँकर आला की जो दांडगा त्याचं पाणी. चार वर्षांखाली त्या रेटारेटीत एक पोटुशी बाई हंड्यासकट खाली पडली, बायका तिच्या अंगावरून गेल्या. पोर वाचलं नाही. त्या दिवशी पंजाबराव मारुतीच्या पारावर उभा राहून गावाला एवढं बोलला, एवढं बोलला, की म्हातारे माना खाली घालून ऐकत राहिले. तेव्हापासून कायदा त्याचा. सकाळी यायचं, कॅन लावायची. कॅन नसेल तर दगड ठेवायचा अन् घरी जाऊन आपली कामं करायची. टँकरचा हॉर्न वाजला की ज्यानं त्यानं आपल्या दगडापाशी उभं राहायचं. पण दुसऱ्याच्या दगडाला हात लावायचा नाही. "दगड म्हंजे मानूस," पंजाबराव सांगायचा. "मानसाले उचलून फेकता का बे तुमी?"

एकदा सरपंचाच्या घरची कॅन दोन नंबर पुढं सरकलेली दिसली. त्यानं ती उचलली अन् थेट लायनीच्या शेपटाला नेऊन ठेवली. सरपंचीणबाई तीन दिवस त्याच्याशी बोलली नाही, पण चौथ्या दिवशी मुकाट मागं उभी राहिली. खरं सांगायचं तर गावात त्याची इज्जत म्हणावी तर एवढीच. शेत बेताचं, घर बेताचं. पंगतीत हात धरून पहिल्या ओळीत बसवावा असा काही तो माणूस नव्हे. पण टँकर दिसला की अख्खं गाव विचारायचं, "पंजाबराव कुठी हाय?"

अन् पारावर बसून हे सगळं पाहायची त्याची पोरगी अश्विनी. दहा वर्षांची. तिला दगडन् दगड ओळखू यायचा. पांढरा चपटा शालूबाईचा, विटेचा तुकडा उकंडरावाचा, खापराचा तुकडा कोपऱ्यावरच्या म्हातारीचा. बापाच्या गळ्यातली शिट्टी तिला कलेक्टरच्या गाडीवरच्या दिव्यापेक्षा भारी वाटायची. शाळेत 'माझे वडील' निबंधात तिनं लिहिलं होतं, माझे वडील लाईनचे साहेब आहेत. गुरुजी हसले. ती नाही हसली.

आता त्या पार्काचं. देऊळगाव राजाच्या पुढं जालना रोडवर दोन वर्षांपासून एक पार्क झालंय. कमानीवर कायतरी लांबलचक इंग्रजी नाव आहे, पण दारात सिमेंटचा डायनासोर उभा असल्यामुळे लोक 'डायनासोर'च म्हणतात. आत घसरगुंड्या, पाण्याच्या लाटा, अन् सगळ्यांत मोठी नागीण. नागीण म्हणजे रुळावरून उलटीपालटी पळणारी गाडी, पुढं फणा काढलेलं तोंड, एका फेरीत सोळा माणसं. नागिणीच्या तोंडाशी सिमेंटचं अस्वल पंजा पुढं करून उभं आहे. त्या पंजाला डोकं लागलं तरच पोराला आत घेतात.

मागच्या मे महिन्यात अश्विनी दोन बोटं कमी पडली. तिथल्या पोऱ्यानं "नेक्स्ट इयर, बेबी" म्हणून तिला बाजूला काढलं, अन् ती बीबीच्या फाट्यापर्यंत एसटीत रडत आली. पंजाबरावानं तिथंच एक शहाणपण केलं होतं. निघायच्या आधी खिशातली सुतळी काढून अस्वलाच्या पंजाचं माप घेतलं होतं. घरी येऊन त्या मापानं दाराच्या चौकटीला खिळा ठोकला. "हे अस्वल. याले टाळू लागली का आपन गेलो. मी हाय न तुह्या संग. तुले नागिनीत बसवल्याबिगर वापस येनार नाई." वर्षभर पोरगी त्या खिळ्याखाली उभी राहायची. संक्रांतीला केस लागले, अन् रामनवमीला टाळू लागली.

म्हणून ह्या मे महिन्यात एका रविवारी बापलेक पुन्हा डायनासोरपाशी उतरले. जयमालाला पाण्यातलं काही नको होतं, तिनं भाकरी बांधून दिल्या अन् ती घरी राहिली. अश्विनीनं बाकी कशाकडं पाहिलंही नाही. सरळ अस्वलाकडं गेली, पंजाखाली उभी राहिली. टाळू टेकली. तिनं बापाकडं असं पाहिलं की पंजाबरावाला वाटलं, झालं, आपल्या जन्माचं सार्थक झालं.

पण लाईन! बापा रे बाप, काय ती लाईन! लोखंडी पाइपांमधून वळणं घेत गेलेली, वर छप्पर नाही, अन् खाली सिमेंट असं तापलेलं की भाकर टाकली तर फुगली असती. नागीण आज वारंवार अडत होती, दर फेरीनंतर अर्धा तास थंड करायला थांबवत होते. माणसं उन्हात करपत होती, लेकरं किरकिर करत होती. दहा पावलांवर कडुलिंब होता, पण नंबर जाईल म्हणून कोणी हलेना.

पंजाबरावाला राहवलं नाही. "अहो, उन्हात काऊन मरून राह्यले?" तो मोठ्यानं बोलला. "चपला ठेवा लायनीत. अन् चला सावलीत. चप्पल म्हंजे मानूस."

आधी लोक हसले. मग चिखलीकडच्या गीताबाई नावाच्या एका जाड बाईनं "काय खोटं बोलला बापा हा?" म्हणून आपल्या चपला काढल्या अन् तव्यावरच्या फुटाण्यासारखी उड्या मारत कडुलिंबाखाली गेली. एक गेली अन् मग सगळेच गेले. पाच मिनिटांत लायनीत माणूस नाही, नुसत्या चपला. सँडल, स्लिपर, बूट, ओळीनं उभे. सगळी आपल्याच भागातली माणसं, खताच्या दुकानापुढं अन् पाण्याच्या टाकीपुढं आयुष्य गेलेली. त्यांना समजवायला काय लागतं? फेरी सुटली की पंजाबराव हाक द्यायचा, सगळे पळत यायचे, आपापली चप्पल पुढं सरकवायचे अन् परत सावलीत.

तेवढ्यात कॉलेजातले चार पोट्टे चपला पायानं बाजूला सारत पुढं घुसले. पंजाबराव अनवाणी धावला. "ए! कोनाच्या चपलेले पाय लावून राह्यला बे?"

"काका, चपलांची कुठं लाईन असते का?" एक दात काढत म्हणाला.

"असते. तुह्या बापाले इचार, त्यानं बी ठेवली असंन खताच्या लायनीत. चाल, नीघ मागं!"

कडुलिंबाखालून माणसं उठली, गीताबाईनं पदर खोचला, अन् पोट्टे गपगुमान शेपटाला गेले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. गीताबाई म्हणाली, "भाऊ, तुमी हाय म्हनून, नाई तं आमाले कोन इचारते इथं!" अश्विनी बापाच्या शर्टाला धरून उभी होती. तिची मान अशी ताठ झाली होती की त्या मानेकडं पाहूनच पंजाबरावाला आणखी चेव चढला.

आणि चेव चढला की माणूस आंधळा होतो. लोणारचा सईद म्हणून एक माणूस, सायकलींचं दुकान असलेला, आपल्या गुलनाज नावाच्या पोरीला घेऊन परत आला. दोघं पंजाबरावाच्या पुढंच होते. पाणी प्यायला नळाकडं गेले होते, अन् नळ पार डायनासोरच्या मागं.

"भाऊ, आमचा नंबर इथं होता," सईद म्हणाला.

"चप्पल कुठी हाय?"

"चप्पल घालून गेलो ना. पोरीचे पाय भाजले असते."

"बाबा, होते ते," अश्विनी हळूच म्हणाली. "मी पाह्यलं."

पंजाबरावालाही आठवत होतं, का आठवत नव्हतं? चांगलं आठवत होतं. पण चार लोक पाहत होते. "रुमाल ठेवायचा, खडा ठेवायचा. नियम म्हंजे नियम. आज तुमाले घेतलं तं उद्या कोनी बी येईन. मागं लागा." सईदनं एकदा त्याच्याकडं पाहिलं. पोरीचा हात धरून तो मागं चालत गेला. अश्विनी गुलनाजकडं पाहत राहिली, अन् मग बापाकडं. "नियम म्हंजे नियम," तिनं स्वतःशीच म्हटलं, पाठ करावं तसं.

पाच वाजता पोऱ्यानं ओरडून सांगितलं, आता फक्त एक फेरी, नंतर नागीण बंद. पंजाबरावानं मोजलं. पुढं नऊ माणसं, मग आपण दोघं. सोळात दहावे अन् अकरावे. निवांत! बीबीकडची शेवटची एसटी सहाला, तीही सापडत होती. त्यानं अश्विनीच्या डोक्यावर हात ठेवला. "पाह्य, म्हनलं होतं का नाई?" लोक चपला घालून उभे राहिले.

"अरे! पंजाबराव! तुमी इथी?"

पंजाबरावानं वळून पाहिलं. महादेवराव. पांढरी कडक बंडी, डोळ्याला काळा चष्मा, मागं बायको, लेक, सून, अन् तीन नातवंडं, आइसक्रीम चाटत. आता हे महादेवराव कोण, तर गावाचा टँकर भरतो तो ह्यांच्या विहिरीवर. सरकारनं विहीर घेतली आहे, पण कागदावर. मोटरीच्या खोलीची चावी महादेवरावांच्या बंडीच्या खिशात. दोन वर्षांखाली कोणीतरी त्यांच्या गड्याला लायनीवरून टोकलं, तर मोटर सात दिवस 'जळली' होती. सात दिवस! गावानं गढूळ पाणी गाळून प्यायलं, अन् अर्ध्या लेकरांना हगवण लागली.

"बरं झालं बाप्पा," महादेवराव खांद्यावर हात ठेवत म्हणाले. "आपला मानूस लायनीत हाय म्हनल्यावर काय चिंता! या रे पोरांनो." अन् पाइपाखालून एकेक करून सातही जण आत आले. मागं नाही, शेजारी नाही, सरळ अश्विनीच्या पुढं.

मागून गलका उठला. "ओ साहेब! लाईन हाय इथं!" गीताबाईचा आवाज सगळ्यांत मोठा. "लायनीचे मालक, पाह्यता काय? काढा न त्याहिले!"

महादेवराव हसले. आवाज न चढवता म्हणाले, "आमचा नंबर होता ना पंजाबराव? तुमी धरून होते." अन् चष्मा पुसत पुसत, जसं सहजच आठवलं, "मोटर बरी चालून राह्यली ना यंदा? कुरकुर करते म्हने मधून मधून."

पंजाबराव उभा. काय करावं त्यानं? गावाची तीनशे घरं, अन् जूनला अजून चार आठवडे. त्याच्या डोळ्यांपुढं हेच आलं, खोटं कशाला बोला. पण त्याच्याही आत, खाली कुठंतरी, नुसती साधी भीती होती. मोठ्या माणसाची, लहानपणापासूनची. अन् तिची त्याला त्या क्षणी एवढी लाज वाटली की त्यानं घाईघाईनं बोलून टाकलं.

"हाव. मी त्याहिच्यासाठी नंबर धरून होतो."

"सात चपला कुठी हायत मंग?" मागून कोणीतरी ओरडलं. गीताबाई पचकन थुंकली. "आमाले शानपन शिकवून राह्यला होता मेला. गरिबाले नियम अन् मोठ्याले मुजरा!" ज्या कॉलेजातल्या पोट्ट्यांना त्यानं हाकललं होतं ते शिट्ट्या मारू लागले. सईद पार मागं होता. उंच माणूस, सगळ्यांच्या डोक्यावरून दिसत होता.

पोऱ्या मोजत आला. नऊ. मग महादेवराव, त्यांची बायको, लेक, सून, तीन नातवंडं. सोळा. त्यानं साखळी अडकवली ती अश्विनीच्या छातीसमोर.

"बस. फिनिश."

"दादा, हे पोरगी तेवढी—" पंजाबराव म्हणाला. "एकच. मले नको."

"सीट नाही काका. सोळा म्हणजे सोळा. नियम आहे."

महादेवरावांच्या बायकोनं वळून पाहिलं. "अगं बाई, हे तुमची होय? पुढच्या साली बसंन, हाय काय त्याच्यात!" मग नागीण निघाली. महादेवराव पहिल्या डब्यात, फण्याच्या मागं, हात वर करून ओरडत होते. म्हातारबुवाला भारी मजा वाटत होती. मागची माणसं पांगली, जाताना प्रत्येकजण काहीबाही बोलून गेला. अश्विनी साखळीला धरून नागीण थांबेपर्यंत उभी होती. रडली नाही. रडली असती तर पंजाबरावाला बरं वाटलं असतं.

एसटीत त्यानं तिला खिडकी दिली. सिंदखेडराजा गेल्यावर तो बोलायला लागला. "असं असते बेटा. मी नाई म्हनलो असतो तं त्यानं मोटर बंद केली असती. मंग गाव काय पेलं असतं? तुह्या मायनं पानी कुठून आनलं असतं? मानसाले इचार करा लागते. समजलं ना?"

"हाव," अश्विनी म्हणाली.

"पुढच्या साली आपन पह्यल्या फेरीले येऊ."

"हाव."

"राग आला का मायावर?"

तिनं बाहेरच पाहत मान हलवली. हो का नाही, ते त्याला कळलं नाही, अन् परत विचारायची हिंमत झाली नाही.

घरी आल्यावर तिनं चौकटीचा खिळा काढला नाही, काही नाही. जेवली, झोपली. जयमालानं विचारलं तर "मस्त होतं" एवढंच सांगितलं. पंजाबरावाला वाटलं, लेकरू आहे, विसरेल.

मंगळवारी टँकर होता. पंजाबराव गळ्यात शिट्टी घालून पारापाशी गेला तर लाईन लागलेली होती. अश्विनी त्याच्याही आधी उठून आली होती. तिच्या मागं शालूबाईचा पांढरा दगड, उकंडरावाची वीट, खापर, कॅना, हंडे, शिस्तीत. त्याच्या जिवाला जरा थंडावा वाटला. चला, इथं तरी आपलं राज्य आहे.

मग त्यानं पाहिलं. अश्विनीची कॅन पहिली नव्हती. तिच्यापुढं सात दगड मांडलेले होते. चार मोठे, तीन लहान. सरळ रेघेत, एकेका हंड्याएवढी जागा सोडून.

"हे कोनाचे वं अशू?" त्यानं विचारलं. गावातला एकही दगड त्याला अनोळखी नव्हता, हे मात्र ओळखू येईनात.

"महादेवरावच्या घरचे," ती म्हणाली. तोंड अगदी सरळ. चेष्टा नव्हती त्यात, राग नव्हता. "सात जन हायत न ते. मी नंबर धरून ठेवला त्याहिच्यासाठी."

बायकांना कळलं. पार्कातली गोष्ट गावात पोचली होती, गोष्टीला एसटी लागत नाही. पंजाबराव खाली वाकला, पहिल्या दगडापर्यंत हात नेला.

"बाबा," अश्विनी म्हणाली. "दुसऱ्याच्या दगडाले हात लावायचा नाई."

त्याचा हात तिथंच राहिला. चार वर्षं हे वाक्य त्यानंच गावाला घोकवलं होतं. फाट्याकडून टँकरचा हॉर्न वाजला, टँकर पारापाशी येऊन थांबला, अन् ड्रायव्हरनं नळी खाली सोडली. "फूक न शिट्टी पंजाबराव," शालूबाई म्हणाली, पण बाकीच्यांसारखं त्याच्याकडं पाहिलं नाही तिनं, जमिनीकडं पाहिलं. त्यानं शिट्टी तोंडाला लावली. फुंकर निघेना.

ड्रायव्हरनं वाट पाहून कॉक उघडला. पाणी पहिल्या दगडावर पडलं अन् मातीत जाऊ लागलं.

"सरक न वं पोरी पुढं!" मागून शालूबाई ओरडली. "पानी चाललं!"

"थांब आजी," अश्विनी म्हणाली. कॅन दोन्ही हातांनी धरून ती सात दगडांच्या मागं उभी राहिली, अन् बापाकडं न पाहता म्हणाली, "त्याहिचा नंबर हाय."